क्विन ह्यूज जर्सीला येणार, ही पुडी सोडली कोणी?

एडिसनकर

इथे एडिसनमध्ये चलती क्रिकेटवाल्यांची. तरी एनएचएल या आइस हॉकीच्या लीगमधल्या न्यू जर्सी डेव्हिल्सचे सामने न चुकवणारी काही मराठी घरं आहेत, त्यातलं आमचं एक. २०२५ चा अख्खा उन्हाळा आणि पुढे डिसेंबरपर्यंत आमच्याकडे एकच विषय चालला होता, व्हँकूव्हरचा क्विन ह्यूज नूअर्कला, म्हणजे डेव्हिल्सकडे, येणार. जॅक आणि ल्यूक हे धाकटे दोघे इथे आहेतच, थोरला आला की तिन्ही भाऊ एका संघात. एप्रिल २०२५ मध्ये तर व्हँकूव्हर संघाचे प्रमुख जिम रदरफर्ड स्वतः जाहीरपणे बोलून गेले की त्याला भावांबरोबर खेळायचं आहे. त्यानंतर रोज एक नवी पुडी. आज बोलणी पुढे सरकली, उद्या अडली, परवा अमुक खेळाडू बदल्यात मागितला.

आणि १२ डिसेंबरला तो गेला मिनेसोटाला! मार्को रॉसी, झीव ब्यूइअम, लियाम ओग्रेन आणि २०२६ च्या ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू घेण्यातली, पहिल्या फेरीची निवड एवढं देऊन मिनेसोटा वाइल्डने त्याला उचललं.

तो आला नाही याची हळहळ आहे, पण धागा त्यासाठी काढलेला नाही. शेअर बाजाराच्या कार्यक्रमात तज्ज्ञाला सांगावं लागतं की हा शेअर माझ्याकडे आहे की नाही. हॉकीचा पत्रकार "माझ्या कानावर आलंय" म्हणतो तेव्हा ते कोणी कानावर घातलं आणि त्यात त्याचं काय हित आहे, हे प्रेक्षकाला कधीच कळत नाही. माझं मत असं की यातली निम्मीअधिक कुजबुज म्हणजे पगाराची घासाघीस असते आणि आपण ती बातमी म्हणून ऐकतो. तुम्हाला काय वाटतं?

स्नेहल_मिसिसागा

टोरांटोत राहून याच्यावर मत नसेल तर नवलच! आमच्या टोरांटो मेपल लीफ्सच्या मिच मार्नरवर वर्षानुवर्षं हेच चाललं. २०२५ च्या ट्रेड डेडलाइनच्या (हंगामात खेळाडूंची अदलाबदल करायच्या शेवटच्या दिवसाच्या) आधी कॅरोलायनाने आपल्या रँटनेनच्या बदल्यात त्याला मागितल्याची बातमी आली. मार्नरच्या करारात नो-मूव्ह कलम होतं, म्हणजे त्याच्या संमतीशिवाय त्याला हलवता येत नव्हतं, आणि त्याने संमती दिली नाही. कलम त्याने करारात मिळवलेलं, ते वापरायचा हक्क त्याचा. पण ती गोष्ट बाहेर आली आणि तो गावचा खलनायक ठरला. मे महिन्यात फ्लोरिडाविरुद्ध सातवा सामना १-६ असा हरल्यावर तर घराचा पत्ता लोकांनी नेटवर टाकला, घराशी चोवीस तास सुरक्षारक्षक ठेवावे लागले, असं त्यानेच नंतर सांगितलं. लहान बाळ होतं घरात.

तेव्हा एडिसनकर, "कोणाचं हित" हा प्रश्न बरोबर आहे, पण त्याला जोडून "कोणाचं नुकसान" हेही विचारा. संमती नाकारल्याची बातमी बाहेर येऊन खेळाडूचा काय फायदा झाला?

कॅलगरीचा_केदार

मला यात एवढं गंभीर काही दिसत नाही. उन्हाळ्यात बर्फ नाही, सामने नाहीत. ट्रेडच्या गप्पा नसत्या तर जुलै-ऑगस्ट काढायचा कसा? चाहत्यांनाही कळतं की दहातल्या आठ गोष्टी हवेत विरणार.

निळीरेघ

केदार, गप्पा म्हणून मलाही आवडतात. पण या खेळात ट्रेड, अफवा आणि पगार यांची मोट फार जुनी आहे आणि ती गंमत म्हणून बांधलेली नव्हती. टेड लिंडसेची गोष्ट सांगतो, थोडी लांब आहे.

१९५७. लीगमध्ये सहाच संघ. खेळाडूंच्या पगारातून पेन्शन फंडासाठी पैसे कापले जायचे, पण फंडाचा हिशेब मागितला तर दाखवत नसत. डेट्रॉइटचा लिंडसे बेसबॉल खेळाडूंच्या वकिलांना जाऊन भेटला, सगळ्या संघांतल्या खेळाडूंशी गुपचूप बोलला आणि फेब्रुवारीत खेळाडूंची संघटना जाहीर केली. त्याच हंगामात त्याने ३० गोल आणि ५५ असिस्ट केले, म्हणजे ८५ गुण, कारकिर्दीतला सर्वोत्तम हंगाम. गुणांत त्याच्या पुढे फक्त गॉर्डी हाउ. आणि जुलैमध्ये डेट्रॉइटने त्याला तळाच्या शिकागोकडे पाठवून दिलं, सोबत गोलरक्षक ग्लेन हॉलला. टोरांटोत संघटनेचं काम करणारा जिमी थॉमसन, त्याचीही रवानगी शिकागोलाच.

आता यात पत्रकार कुठे येतात ते पाहा. डेट्रॉइटचे मॅनेजर जॅक ॲडम्स यांनी लिंडसे सहकाऱ्यांबद्दल वाईटसाईट बोलतो अशा कंड्या वार्ताहरांमधून पिकवल्या. एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी वार्ताहरांना लिंडसेचा म्हणून एक करार दाखवला, वर्षाला २५ हजार डॉलरचा. तो करार खोटा होता, लिंडसेला त्याहून कितीतरी कमी मिळत होते. पण कागद डोळ्यांनी पाहिला म्हटल्यावर बातमी छापून आली. गिरणीत आणि मोटार कारखान्यात राबणाऱ्या वाचकाला वाटलं, एवढा पगार घेऊन वर याला संघटना कशाला हवी? नोव्हेंबरमध्ये डेट्रॉइटच्याच खेळाडूंनी अंग काढून घेतलं आणि संघटना कोसळली. पुढची उभी राहायला १९६७ उजाडलं.

आज खेळाडू ज्याला मत देतात त्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराला लिंडसेचं नाव आहे. २०१० पासून.

अस्मिता_ठा

निळीरेघ, शहारा आला. खोटा करार! म्हणजे पगार गुप्त होते म्हणूनच हे खपलं ना?

निळीरेघ

अगदी तेच. एकमेकांचे पगार माहीतच नसायचे. १९९० च्या आसपास संघटनेने सगळ्यांचे आकडे उघड केले, तेव्हा कित्येकांना कळलं की शेजारच्या खुर्चीवर बसून बूट बांधणारा आपल्या दुप्पट घेतो. त्यानंतर पगार झपाट्याने चढले.

बातमीदार

मी पुण्यातल्या एका दैनिकाच्या क्रीडा पानावर बरीच वर्षं होतो, आता निवृत्त. आमच्याकडे हॉकीच्या ट्रेडची भानगड नव्हती, पण निवड समितीची बैठक आणि आयपीएलचा लिलाव म्हणजे तोच मामला. म्हणून पत्रकाराच्या बाजूने दोन शब्द.

एक, "न्यू जर्सी प्रयत्न करतंय" ही बातमी खरीच असू शकते. तुम्ही तिचा अर्थ "तो येणार" असा लावलात. बोलणी चालू असल्याची बातमी आणि सौदा झाल्याची बातमी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बोलणी फिसकटली म्हणून आधीची बातमी खोटी ठरत नाही.

दोन, सूत्राचं नाव सांगायचं नसतं, ते सांगितलं तर पुढची बातमी मिळत नाही. पण सूत्राचं हित काय हे वाचकाला सूचित करता येतं आणि चांगला बातमीदार ते करतोच. "खेळाडूच्या बाजूने असं सांगितलं जातं" एवढे चार शब्द पुरतात. आमच्या वेळी लिलावाच्या आदल्या आठवड्यात एजंटांचे फोन यायचे, अमुक पोरावर तीन संघांचा डोळा आहे म्हणून. आम्ही दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय ओळ लावायचो नाही. आता कोण फोन करतं? आधी टाका, मग बघू.

कॅलगरीचा_केदार

काका, दुसऱ्या बाजूला विचारूनही फसतात की! फेब्रुवारी २००५ आठवतो? मालक आणि खेळाडूंचा पगारावरून वाद, १६ तारखेला लीगचे आयुक्त बेटमन यांनी अख्खा हंगाम रद्द केला. दोनच दिवसांत हॉकीच्या सर्वांत जुन्या नियतकालिकांपैकी एकाने बातमी दिली की तत्त्वतः समझोता झालाय, ४ कोटी ५० लाख डॉलरची कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) ठरली, हंगाम वाचला. ग्रेट्स्की आणि लमिय्यू हे दिग्गज न्यूयॉर्कला बैठकीला चाललेत, म्हटल्यावर कोण शंका घेईल? शनिवारी साडेसहा तास बैठक झाली, हाती काही नाही. लोकांनी तिकिटांसाठी फोन सुरू केले होते.

बातमीदार

आठवतो. त्या बातमीत घाई झाली हे मान्य. पण त्याच धंद्यातलं दुसरं उदाहरण घे. खेळाडू संघटनेचा सर्वेसर्वा ॲलन ईगलसन खेळाडूंचेच पैसे खातोय, हे कोणी बाहेर काढलं? टोरांटोच्या बड्या पत्रकारांनी नाही, त्यातले कितीतरी त्याच्या ऊठबशीतले. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावच्या एका छोट्या दैनिकाच्या रस कॉनवे या क्रीडा संपादकाने काढलं. म्हातारे खेळाडू, त्यांचे अपंगत्वाचे दावे, विम्याचे कागद, एकेक दार ठोठावत गेला. १९९८ मध्ये ईगलसनने गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेला. बॉबी ऑर या आपल्या महान खेळाडूला बोस्टनने संघाच्या मालकीतला १८.५ टक्के हिस्सा देऊ केला होता, तो देकार ऑरचा एजंट असलेल्या याच ईगलसनने त्याच्यापर्यंत नीट पोचवलाच नाही. ऑर बोस्टन सोडून शिकागोला गेला, गुडघे आधीच संपलेले.

ट्रेडची बातमी दहा मिनिटं आधी देणं हे कौशल्य आहे, नाही म्हणत नाही. पण दहा मिनिटांनी ती क्लबच जाहीर करणार असतो. कॉनवेने काढलं ते कोणीही जाहीर करणार नव्हतं.

स्नेहल_मिसिसागा

+१००. काकांच्या शेवटच्या दोन वाक्यांसाठी.

खडकीवाला

हॉकीचा धागा दिसला म्हणून आलो, वाटलं आपल्या हॉकीबद्दल आहे. बर्फावरची निघाली. आलोच आहे तर बोलतो. आमच्या खडकीने धनराज पिल्लै दिला, तेव्हा हॉकी म्हटलं की आम्हाला थांबवत नाही.

संघटना, पगार वगैरे वाचून जानेवारी २०१० आठवला. बालेवाडीत विश्वचषकाचं शिबिर चालू होतं. थकलेले पैसे मिळेनात म्हणून भारतीय संघाने सरावच बंद केला. वर्ल्डकप दीड महिन्यावर, तोही दिल्लीत! प्रत्येकी २५ हजार रुपये देऊ केले, पोरांनी घेतले नाहीत. हॉकी इंडियाने शिबिर बंद करू, दुसरा संघ उभा करू असं धमकावलं. राजपाल सिंग कर्णधार होता, सगळे एकत्र राहिले आणि काही दिवसांत पैसे मिळाले. त्यांच्यामागे ना संघटना होती ना वकील. तेव्हा "देशासाठी खेळताना पैसे कसले मागता" असं लिहिणारेही होते, मला आजही त्याचा राग येतो.

हॉकी इंडिया लीगच्या २०२४ च्या लिलावात हरमनप्रीत ७८ लाखांना गेला, सगळ्यांत महाग. पुरुष संघाला तेव्हा चार कोटींची मर्यादा होती. तुमच्या त्या लीगमध्ये किती?

ताळेबंद

खडकीवाले, स्वागत. अवांतर अजिबात नाही, उलट मुद्द्याला हात घातलात. मी सीए आहे, एडमंटनला असतो. आकडे सांगतो.

एका संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा याची वरची मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, २०२५-२६ ला ९ कोटी ५५ लाख डॉलर. २०२६-२७ ला १० कोटी ४० लाख. २००५-०६ ला ती पहिल्यांदा लागली तेव्हा ३ कोटी ९० लाख होती, केदार म्हणतो तो अख्खा हंगाम बुडवून मालकांनी ती मिळवली. २०१२-१३ ला पुन्हा टाळेबंदी, ४८ सामन्यांचा हंगाम आणि लीगच्या उत्पन्नातला खेळाडूंचा हिस्सा ५७ टक्क्यांवरून ५० वर.

आता गंमत अशी की ५०-५० चा हिशेब वर्ष संपल्यावरच कळतो. म्हणून प्रत्येक पगारातून काही टक्के आधीच कापून बाजूला ठेवतात, त्याला एस्क्रो म्हणतात. एखाद्याचा करार वर्षाला १ कोटी डॉलरचा आणि कपात ६ टक्के असेल तर ६ लाख डॉलर त्याच्या हातात येतच नाहीत. वर्षाअखेर उत्पन्न चांगलं निघालं तर परत, नाही तर मालकांना. कोविडच्या २०२०-२१ मध्ये ही कपात २० टक्के होती आणि वर १० टक्के पगार पुढे ढकललेला. पेपरात मात्र कराराचाच आकडा छापला जातो आणि आपण म्हणतो, बघा किती घेतो!

याचा अफवांशी संबंध काय? एकूण थाळी ठरलेली आहे, एकाला जास्त वाढलं की दुसऱ्याच्या पानात कमी. म्हणून प्रत्येक कराराची बातमी पुढच्या दहा करारांची किंमत ठरवते. काप्रिझोव्हला मिनेसोटाने ८ वर्षांचे १३ कोटी ६० लाख दिले, वर्षाला १ कोटी ७० लाख. तो आकडा फुटला त्या दिवशी प्रत्येक एजंटाने आपल्या माणसाचं मागणं वाढवलं असणार. उलट एडमंटनच्या मॅकडेव्हिडने १ कोटी २५ लाखांवर दोनच वर्षांची सही केली, तेव्हा हिरमुसणारेही बरेच असतील. :)

एडिसनकर

ताळेबंद, धन्यवाद. मग व्हँकूव्हर-जर्सी प्रकरणात हा हिशेब कसा लागतो?

ताळेबंद

जर्सीचं बघा. जॅक वर्षाला ८० लाख, ल्यूक ऑक्टोबर २०२५ पासून ९० लाख. क्विनचे ७८ लाख ५० हजार आत्ता आणायचे तर तेवढ्याचं कोणीतरी बाहेर काढावं लागतं आणि ज्यांना काढायचं त्यांतल्या कोणाकडे नो-ट्रेड कलम असेल तर गाडी तिथेच अडते. मिनेसोटाने पगारापेक्षा तरुण पोरं दिली, ते व्हँकूव्हरला सोयीचं.

"जर्सी, जर्सी" ही हवा व्हँकूव्हरला पथ्यावर पडली, कारण गिऱ्हाईक एकच असेल तर भाव पडतो आणि एक पक्कं गिऱ्हाईक असलं की दुसरं घाईने वर बोली लावतं. खेळाडूच्या बाजूलाही पथ्यावर पडली, कारण "याचं मन तिकडे आहे" कळलं की इतर संघ कचरतात. जर्सीला मात्र काहीच फायदा नव्हता. म्हणून माझा अंदाज, पुडी तुमच्या बाजूने सुटलेली नाही. हा अंदाजच आहे हं, पुरावा नाही.

स्नेहल_मिसिसागा

पण रँटनेनला कोणी विचारलं? २४ जानेवारी २०२५ ला कोलोरॅडोने त्याला कॅरोलायनाला पाठवलं. अर्धा पगार शिकागोने अंगावर घेतला, तो तिथे एकही सामना खेळला नाही! तिथून ७ मार्चला डॅलस. ८ वर्षं, वर्षाला १ कोटी २० लाख, पैसा मिळाला हे खरं. पण दीड महिन्यात तीन गावं. आणि मग मे महिन्यात कोलोरॅडोविरुद्ध सातव्या सामन्यात शेवटच्या सत्रात हॅटट्रिक. त्या रात्री मी घरात एकटीच ओरडत होते, मी तर लीफ्सची!

अस्मिता_ठा

सगळे पुरुषांच्या लीगबद्दलच बोलताय. महिलांची लीग १ जानेवारी २०२४ ला टोरांटोत सुरू झाली, पण तिचा सामूहिक करार त्याआधीच, जुलै २०२३ मध्ये झाला. आधी संघटना, आधी करार, मग पहिला पक (बर्फावरच्या हॉकीतली चकती) खाली पडला. किमान पगार ३५ हजार डॉलर, आणि प्रत्येक संघात किमान सहा जणींना ८० हजार किंवा जास्त. आकडे लहान आहेत, पण सगळ्यांना माहीत आहेत. लिंडसेला जे मागून मिळालं नाही ते यांनी पहिल्या दिवसापासून लिहून घेतलं. मला याचा फार अभिमान वाटतो.

खडकीवाला

ताई, हे माहीत नव्हतं. झकास! आपल्याकडे मुलींची हॉकी लीग सुरू झाली तेव्हा उदिता ३२ लाखांना गेली होती. करार-संघटना कुठली, दौरा संपला की सगळे पांगतात.

आणि क्रिकेटमध्ये तरी कुठे आहे? आयपीएलचे सामने दाखवायचे हक्क पाच वर्षांना ४८,३९० कोटी, म्हणजे वर्षाला साधारण ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामाला दहा संघांची खेळाडू घ्यायची थैली मिळून १,२०० कोटी. नुसत्या प्रक्षेपणाच्या पैशांशी तुलना केली तरी साडेबारा टक्क्यांच्या आत. ताळेबंद, बरोबर ना?

ताळेबंद

गणित बरोबर. सामन्यागणिक साडेसात लाखांचं मानधन वेगळं असतं, ते धरलं तर थोडं वाढेल. पण ५० टक्क्यांच्या जवळपासही जात नाही. सध्या खेळणाऱ्या भारतीय क्रिकेटपटूंची संघटनाच नाही. २०१९ ला जी झाली ती निवृत्तांची.

बातमीदार

एडिसनकरांच्या प्रश्नाकडे येतो, कारण एक गोष्ट कोणीच काढली नाही. स्नेहल, तुमच्याकडे सामने दाखवणारं चॅनेल कोणाचं?

स्नेहल_मिसिसागा

रॉजर्स या दूरसंचार कंपनीचं. हो काका, कुठे निघालात ते कळलं. प्रतिस्पर्धी बेल कंपनीचा ३७.५ टक्के हिस्सा ४७० कोटी कॅनेडियन डॉलरला घेऊन रॉजर्स २०२५ मध्ये लीफ्सच्या मालक कंपनीत ७५ टक्क्यांवर गेली. आणि २०२६-२७ पासून देशभरच्या प्रक्षेपणाचे हक्क आणखी बारा वर्षं, १,१०० कोटींना, त्यांच्याकडेच.

बातमीदार

तर मग बघा. संघ त्यांचा, चॅनेल त्यांचं, चॅनेलवरचे पत्रकारही त्यांचेच पगारदार. त्यांत अत्यंत सचोटीची माणसं आहेत, मी त्यांचं काम वाचतो आणि मानतो. पण उद्या पुन्हा टाळेबंदी झाली, मालक विरुद्ध खेळाडू, तर मालकाच्या पडद्यावर खेळाडूंची बाजू कितपत येईल? एजंटाने एक पुडी सोडली यापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. लीग आणि खेळाडूंचा नवा करार सप्टेंबर २०२६ पासून चार वर्षांचा आहे, तोवर शांतता. नंतर बघायचं.

एडिसनकर

काका, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी कुजबुजीच्या मागे होतो, तुम्ही मूळच दाखवलंत. तरी माझी मागणी कायम. "खेळाडूच्या बाजूने", "क्लबकडून", "तिसऱ्या संघाकडून", एवढं तरी प्रत्येक बातमीत असावं. ते देत नसतील त्यांना मी आता ऐकणार नाही.

ताळेबंद, शेवटचं विचारतो. क्विन मिनेसोटात राहील?

ताळेबंद

१ जुलै २०२६ पासून तो मिनेसोटाशी नव्या करारावर सही करू शकतो. १५ सप्टेंबरच्या आत केली तर जुन्या नियमाने ८ वर्षं मिळतील. त्यानंतर नवा नियम लागू, स्वतःच्या संघात ७ आणि दुसरीकडे गेला तर ६. म्हणजे २०२७ पर्यंत थांबून जर्सीला आला तर करार दोन वर्षांनी तोकडा. वर्षाला दीडेक कोटी धरलं तरी ३ कोटी डॉलरचा प्रश्न आहे, आणि तेव्हा तो सत्तावीस पुरे करून अठ्ठाविशीकडे झुकलेला असेल. जुलै ते १५ सप्टेंबर या अडीच महिन्यांत जी कुजबुज ऐकाल, ती या तारखेकडे बघून ऐका.

कॅलगरीचा_केदार

सगळं वाचलं. लिंडसेचा खोटा करार आणि रॉजर्सचा मुद्दा, दोन्ही पटले. पण एडिसनकर, ऐकणंच बंद करायचं हे काही मला पटत नाही. ६ मार्च २०२६ ची डेडलाइन आहे, दुपारी तीनपर्यंत. मी सकाळपासून टीव्हीसमोर बसणार, टेबलावर फोन मांडून बसलेली ती माणसं बघणार, प्रत्येक पुडी ऐकणार. फक्त या वेळी जोडीला वही घेईन. कोणी काय सांगितलं आणि त्यात कोणाचा फायदा होता हे लिहून ठेवीन आणि एप्रिलमध्ये इथेच टाकीन. ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या संघापुरतं तेवढंच करा. स्नेहलताई, लीफ्सची वही तुमच्याकडे.

स्नेहल_मिसिसागा

घेतली. दोनशे पानी लागेल.